ठेवली होती, दिली नव्हती

“या बाईला पुढे नका बसवू. मागे स्वयंपाकाकडे न्या.”

साहेब वॉचमनशी बोलले. बोट माझ्या मायकडं होतं, नजर न्हाई. माय हात जोडून उभी. इस्त्रीची साडी नेसून आल्ती. सकाळी शेजारच्या रझियाखालानं तिच्या केसाला तेल लावून दिल्तं. म्हणली, “बेटी आ रही है, ऐसी जाएगी क्या?”

माय गुमान मागं गेली. तिथं बायकांनी तिच्यापुढं लसणाची पाटी ठेवली. पाहुणे जेवणार होते ना.

पाहुणे म्हणजे माझी लहान बहीण सुवार्ता, आमची सुवी. आणि तिला दत्तक घेऊन परदेशात गेलेले तिचे आई-बाप. जालन्याच्या बालगृहाच्या आंगणात मांडव घातल्ता. स्टेजवर त्या तिघांच्या खुर्च्या. माझी खुर्ची सगळ्यात मागं.

आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमधे बोलावल्तं. बालगृह त्यांच्याच हाताखाली, दवाखानाही. मी त्याच दवाखान्यात नर्स.

“तुझ्या आईला येऊ दे. लांबून बघू दे. पण ओळख द्यायची नाही. मुलीला माहीत आहे, तिला कुणी नाही. आता त्या लोकांना कशाला त्रास? आणि तू आपल्याकडे नोकरीला आहेस, लक्षात ठेव.”

घरी येऊन मायला सांगितलं. माय म्हणली, “नुसतं बघू दे मला. बोलणार न्हाई मी.”

आमचं गाव केदारखेड्याजवळ. बाप विहीर खोदायच्या कामावर होता. दरड अंगावर पडली. खलास. मंग मायला टीबी झाला. रक्त पडायचं. तिला हॉस्पिटलात ठेवायचं ठरलं. मला मामानं नेलं. सुवी लई लहान, नीट बोलतसुद्धा नव्हती. चर्चचे पाळक म्हणले, “लेकराला बालगृहात ठेव. बरी झाली की घेऊन जा.” माय ठेवून आली. येताना सुवी तिच्या पदराला लोंबकळली, असं माय सांगते.

माय बरी झाली. पहिलं काम काय केलं, तर सुवीला आणायला जालन्याला गेली. मी सोबत. साहेब तवा तरणे होते. व्हरांड्यातच उभं केलं आम्हाला.

“ती गेली. परदेशात. चांगल्या ख्रिस्ती घरात. देवाचे आभार मान.”

माय म्हणली, “साहेब, मी न्यायला आले तिला.”

“नेऊन काय देणार होतीस?”

एवढं बोलून आत गेले. माय व्हरांड्यातच बसून राह्यली. मी तिचा दंड धरून ओढत होते. उठता येईना तिला.

साहेब पिढीजात मिशनमधले. वडील हेडमास्तर. आम्ही मांगवाड्यातले. जालन्याला राहायला आल्यावर रविवारी एकाच प्याल्यातलं प्रभुभोजन घ्यायचो. चर्चच्या पायऱ्या उतरलो की ते त्यांच्या बंगल्यात, आम्ही आमच्या पत्र्यात. त्यांना सवाल करायची आमची काय हिंमत?

पुढं आम्ही जालन्यातच राह्यलो. माय धुणीभांडी करायची. मी मिशनच्याच शाळेत शिकले, नर्सिंग केलं. सुवीची खबर मिळायची नाताळाला. साहेब उपासनेत उभे राहून सांगायचे, “आपल्याकडे एक अनाथ लेकरू होतं. ना आई, ना बाप. आज बघा, प्रभूनं तिला कुठे नेऊन ठेवलं.” लोक म्हणायचे, “आमेन.” माझी माय बायकांच्या रांगेत बसलेली असायची. जिवंत. तीपण आमेन म्हणायची. मी तिच्याकडं बघायचे, ती खाली चटईकडं.

तर त्या दिवशी मांडवात. सुवी उंच झालेली. केस बारीक कापलेले. नाक बराबर मायचं. तिचा परदेशी बाप माइकवर उभा राह्यला. रापलेला गडी. शेती करतो म्हणे. तो एकेक वाक्य इंग्रजीत बोलायचा, साहेब मराठीत सांगायचे. इंग्रजी मला बऱ्यापैकी कळतं, दवाखान्यात शिकले.

तो म्हणला, आम्हाला मूल नव्हतं. लई वर्षं प्रार्थना केली, मंग ही आली. पण ही मोठी झाली तशी विचारायला लागली, मी कुणाची? शाळेत पोरं हिच्या रंगावरनं चिडवायची. एकदा घरातनं निघून गेल्ती. आम्ही हिला सगळं दिलं, ह्या सवालाचा जवाब देऊ शकलो न्हाई. म्हणून आलो. हिला तिच्या आईच्या कबरीवर फुलं वाहायचीत. ती कबर आम्हाला दाखवा.

साहेब माइकवर म्हणले, “त्यांना इथे येऊन फार आनंद झाला. आपल्या सेवेबद्दल ते आभारी आहेत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुवीनं साहेबांकडं वळून हळू विचारलं, कबर कुठंय? माइक चालूच होता. साहेब इंग्रजीत म्हणले, “लांबच्या खेड्यात होती. आता तिथे काही उरलेलं नाही.”

सुवीनं मान खाली घातली. तिच्या मांडीवर फुलं होती.

मी कधी उठले मलाच कळलं न्हाई. मोडक्या इंग्रजीत ओरडले, “हिची आई मेलेली न्हाई! आत लसूण सोलून राह्यलीये!”



साहेब म्हणले, “खाली बस! तुझं डोकं फिरलंय का?”

मी म्हणलं, “कबर दाखवा ना साहेब. कुठंय ती दाखवा.”

मंग मागं गेले. मायचा हात धरला. ती म्हणली, “नको गं, तुझी नोकरी जाईल.” मी म्हणलं, “जाऊ दे. चल.” सगळ्यांमधून तिला स्टेजपाशी आणली. तिच्या हाताला लसणाचा वास. हात पदराखाली लपवून राह्यली.

सुवी उभी राह्यली. पळत आली न्हाई, गळ्यात पडली न्हाई. मायला खालून वर बघितलं. मंग रागानं विचारलं. मी मायला मराठीत सांगितलं, “ती विचारतेय, मला दिलं का?”

मायचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

“ठेवली होती. दिली नव्हती.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. सुवीची परदेशी आई खुर्चीतनं खाली घसरली, जमिनीवरच बसली. “आम्हाला सांगितलं कुणी न्हाई म्हणून. आम्ही विचारलं होतं. विचारलं होतं आम्ही.” हेच म्हणत राह्यली. सुवीनं तिचा हात धरला न्हाई. मायचापण न्हाई. दोन्ही आयांना तिथंच सोडून गेटबाहेर जाऊन उभी राह्यली, एकटी.

जायच्या आदल्या दुपारी आमच्या पत्र्यात आली. मायनं भाकरी टाकली. जेवली. बापाचं नाव विचारलं, ते घोकलं, नीट म्हणता येईना. मी मधे बसून इकडचं तिकडं सांगत होते. मंग गेली. आता कधी मेसेज करते, कधी महिनोन्महिने काही न्हाई. लिहिते, मला मराठी येत न्हाई याचा राग येतो. लिहिते, घरात कुणी धड बोलत न्हाई, तिकडच्या आईनं चर्चला जायचं सोडलं. जुळलं काहीच न्हाई. फक्त खोटं उघडं पडलं.

माझी नोकरी गेली. पाळक घरी आले. म्हणले, “मिशनचं नाव खराब झालं. साहेबांची माफी माग.”

मी म्हणलं, “मी काय चोरलं?”

माय चुलीपाशी होती. तिथनंच म्हणली, “पाळकसाहेब, दर नाताळाला तुम्ही लोक मला मारत होता. माझ्यासमोर. त्याची माफी कोण मागणार?”

पाळक चहा तसाच ठेवून उठले.

आता मी एका खाजगी दवाखान्यात आहे. रविवारी उपासना झाली की बालगृहाच्या गेटवर जाते. लेकरू ठेवायला आलेल्या बाईला सांगते, “ठेव, पण दर आठवड्याला येऊन भेट. येऊ नको म्हणले तर मला बोलव.” वॉचमन हाकलतो. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहते. रस्ता त्यांच्या बापाचा न्हाई.

हसनाबादची एक बाई मला तिथंच भेटली. तिचा पोरगापण असाच गेला. आम्ही दोघींनी मिळून तक्रार दिली. साहेबांचा माणूस येऊन म्हणला, मागं घ्या. न्हाई घेतली. सोमवारी परत कलेक्टर ऑफिसला जायचंय. ती बाई विचारत होती, “ताई, आपलं ऐकतील का?”

मी म्हणलं, “ऐकेपर्यंत जायचं.”