कागदाची पाठ

बायको गणिताची शिक्षिका. दुपारी जेवणाच्या टेबलावर ती भूमितीचे पेपर तपासत होती, मी समोर शेंगा सोलत होतो. रेघेचा मध्य कंपासने काढायचा होता. एक आकृती अगदी देखणी होती. तिने कागद उलटा करून पाठीवर बोट फिरवलं आणि ती हसली.

"कंपासच्या टोकाचं भोकच नाही. पट्टीने मोजलंय, कंस मागाहून हातानं काढलेत."

पुढच्या कागदाला पाच भोकं.

"हिचा कंपास घसरलाय, पण हिनं खरंच काढलंय."

गोल फिरायचं तर आधी कुठेतरी टोचावं लागतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं.

पेपर उचलल्यावर टेबलावरची बारीक भोकं दिसली. आमच्या लेकीच्या शाळेतल्या दिवसांची. ती आता दूर, स्वतःच्या घरी. पॉलिशवाला दरवेळी विचारतो, "बुजवू का?"

आम्ही दोघंही एकदमच नको म्हणतो.