ताडाखाली उभं राहणं

जीव टांगणीला लागणे म्हणजे फार काळजी वाटणे, असं पेपरात लिहिलं की मार्क मिळतात. खरा अर्थ नवशीला विचारा. लग्न होऊन चिखल्याला आली तेव्हापासून ती ताडांखाली उभं राहून तो शिकली. नवरा जिव्या ताडी काढायला वर, ही खाली, मान वर करून. वाऱ्यानं पान सळसळलं तरी ही दोन्ही हातांनी खोड धरून ठेवायची. पण चढणाऱ्याला खालून हाक मारायची नाही, अशी त्यांच्याकडची रीत. तोंड शिवून उभी राहायची बिचारी.

आणि गंमत बघा. ताडावरून कधी न घसरलेला हा गडी चारोटीला सपाट रस्त्यावर पडला. मोटरसायकलवाल्यानं उडवलं, पाय प्लास्टरमध्ये गेला. आता घोर लागला ताडांचा. फुलोऱ्याचं टोक रोज तासलं नाही तर रस आटतो, आणि मग हंगाम हातचा जातो.

"मी चढते," नवशी म्हणाली.

वाडीचे मालक अण्णा तापले. "बाईमाणूस ताडावर? लोक मला काय म्हणतील?"

"लोक येतील का तासायला, अण्णा? येत असतील तर मी घरी बसते."

अण्णा वाट सोडून बाजूला झाले. होणारच. माहेरी तलासरीला ती भावांच्या बरोबरीनं चढायची, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. लग्न झालं आणि झाड बाटायला लागलं म्हणे!

तिनं लुगड्याचा काचा मारला, कोयता कमरेला खोचला आणि खोडाला बांधलेल्या बांबूच्या खुंट्यांवर पाय देत निघाली. जिव्या कुबडीवर रेलून खाली उभा. ती शेंड्याला पोचली तसा त्याला दम धरवेना.

"जपून गं," तो ओरडलाच.

"हाक मारू नको," वरून उत्तर आलं, आणि कोयता चालू झाला.

मडकं घेऊन ती उतरली तेव्हा जिव्या घामानं निथळत होता.

"उद्यापासून नको चढू," तो म्हणाला. "माझ्यानं बघवत नाही."

"मग बघू नको. मी चढणार."

त्यानं बाहीनं कपाळाचा घाम पुसला. मग हळूच म्हणाला, "तुला रोज असंच व्हायचं?"

"रोज," नवशी म्हणाली, आणि दुसऱ्या ताडाकडे वळली.