ग्रहणात उसवलेल्या बाह्या

माझी आई चंद्रभागा शिवायची नाही, उसवायची. मखमलाबाद नाक्यावरच्या गोटीराम टेलरचे कारागीर घाईत उजवी बाही डावीकडे लावायचे आणि असली ब्लाउजं पिशवी भरून आमच्या मळ्यात यायची. आई ओट्यावर बसून अर्ध्या ब्लेडने एका बाजूचा दर चौथा टाका कापायची, मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा हळूच ओढायची. तो न तुटता अख्खा निघायचा. संध्याकाळी तोच दोरा दुहेरी करून ती शेवंतीचे गजरे ओवायची.

उसवताना आई घरात नसायची. म्हणजे बसलेली असायची, पण तिसऱ्या हाकेला कुठे “अं?” यायचं. समोर शेवंतीचे वाफे, पाटाच्या पाण्याचा आवाज, मांडीवर कुणाचं तरी जांभळं ब्लाउज. मला वाटायचं, दोऱ्यामागून ती लांब कुठेतरी चालत निघाली आहे. कुठे जाते, हे मला फार उशिरा कळलं.

ती जायची पंच्याण्णवच्या दिवाळीत. तेव्हा सकाळीच सूर्यग्रहण लागलं होतं आणि मी तिच्या पोटात सात महिन्यांची होते. गरोदर बाईने ग्रहणात चिरू नये, कापू नये, शिवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या आजीने, म्हणजे आईच्या सासूने, मालनबाईने, खिडक्यांना गोधड्या लावल्या. आई तिला आत्या म्हणायची. पण सणाची गिऱ्हाइकं दुपारी दुकानात येणार होती आणि पिशवी तशीच पडलेली. उसवणं कशात धरायचं, ते कुणी सांगून ठेवलं नव्हतं. दाराच्या फटीतल्या उजेडात आईने सहा बाह्या उसवल्या. उजेड पितळेसारखा पिवळट होता म्हणे, आणि पाखरं गप्प झाली होती. इतका सुंदर दोरा पुन्हा कधी निघाला नाही, असं ती म्हणायची.

पौषात मी जन्मले ती वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला घेऊन. बारशाला आलेल्या बायका म्हणाल्या, “ग्रहणात ब्लेड धरलं, दुसरं काय व्हनार?” मला त्यांचा आजही राग येतो. घुगऱ्या आमच्याच खाल्ल्या आणि वर हे बोलल्या. वडिलांनी “देवानं दिलंय ते राहू दे” म्हणून हात झटकले. पाच वर्षं मी पदराआड वाढले, आणि पाच वर्षं आई प्रत्येक दोऱ्यामागून त्या सकाळी जायची, ब्लेड उचलायच्या आधीच्या घटकेला.

दोन हजार एक साली एका धर्मादाय दवाखान्यात मोफत शस्त्रक्रियेचं शिबिर लागलं. आईने कुणालाही न विचारता माझं नाव नोंदवलं. ओठ शिवल्यावर सातव्या दिवशी टाके काढायला आई आणि आजी दोघी आल्या. डॉक्टरांनी पहिला टाका कापला तशी आई म्हणाली, “गाठीजवळ कापा, दोरा आत ओढायचा न्हाई.”

डॉक्टर हसले. “शिवणकाम करता?”

“उसवते. त्यानंच झालं हे. गिराणात उसवलं मी.”

“तेव्हा कितवा महिना होता?”

“सातवा.”

“ताई, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. ग्रहण लागलं तेव्हा हिचा ओठ आधीच फाटलेला होता.”

“मंग मी काईच केलं नव्हतं?” आईने विचारलं.

“नाही.”

“उसवलं नसतं, तरी?”

“तरीही.”

कोपऱ्यातल्या बाकावरून आजी बोलली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “चंद्रे, पिशवी मीच तुझ्या हातात दिली व्हती. उसवनं काय कापनं हाय का, म्हनले. मंग बाया बोलाया लागल्या, अन् मी गप ऱ्हायले. लय भ्याले गं.”

आता आई ओरडणार, असं मला वाटलं. तिच्या जागी मी असते तर आजीला सोडलं नसतं. पाच वर्षं म्हणजे काय थोडी झाली?

“अजून तीन टाके आहेत,” डॉक्टर म्हणाले. “मुलीचं डोकं कुणीतरी घट्ट धरा.”

आईने हात पुढे केले. तिने ते मागे घेतले आणि आजीकडे बघितलं.

“आत्या,” ती म्हणाली, “तुमी धरा.”