किती आणे पाऊस

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, कोणी विचारलं नसलं तरी. आजोबांना सही येत नव्हती. बाबा सातवीपर्यंत शिकले, आईची शाळा चौथीतच सुटली. केशोरीपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावातून मी गोंदियाला गेले, बी.एस्सी. केलं, आणि आता शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला पाठवणाऱ्या एका कार्यालयात काम करते. राहते गोंदियालगतच्या मुर्रीला, भाड्याच्या खोलीत. वरून अंदाजाचा तक्ता येतो. त्यावरून आठवड्यातून दोनदा मी चार-पाच ओळींचा सल्ला तयार करते आणि तो जिल्हाभरच्या मोबाइलवर जातो. फवारणी करू नका. बांधीत पाणी साठवून ठेवा. कापणी पुढे ढकला.

नोकरीच्या पहिल्याच दिवाळीआधीची गोष्ट. धान पिकून पिवळं झालं होतं. आमच्याकडे धान कापलं की लगेच बांधत नाहीत. मूठ-मूठ करून बांधीतच, म्हणजे शेताच्या त्याच वाफ्यात, पसरून ठेवतात, तीन-चार दिवस उन्हात वाळू देतात, मग भारे बांधतात. त्या पसरलेल्या धानाला कडपा म्हणतात. उभ्या धानाला पाऊस झेपतो. कडप्याला झेपत नाही, दाणा जमिनीवरच अंकुरतो. म्हणून त्या चार दिवसांत शेतकरी दुसरं काही बघत नाही, नुसतं आभाळ बघतो.

तक्त्यात पाऊस दिसत होता. मी बाबांना फोन केला.

"बाबा, कापू नका. पाऊस येते."

"बाया उद्या येऊन राहिल्या कापाले. सांगून ठेवलं आहे."

"परत पाठवा. पाऊस येते म्हणजे येते."

कापणीच्या बायांची टोळी परत पाठवणं ही लहान गोष्ट नसते. त्या दिवसांत सगळ्यांचं धान एकदमच पिकतं आणि टोळी एकदा दुसऱ्याच्या शेतात गेली की आठ-दहा दिवस मिळत नाही. बाबांनी ती परत पाठवली. गावानं विचारलं तर सांगितलं, माझी पोरगी हवामानात आहे, तिनं सांगितलं.

पाऊस आला नाही. ऊन असं पडलं की नुसतं बघत राहावं. टोळी दहाव्या दिवशी मिळाली, तोवर लोंब्या झडायला लागल्या होत्या. रात्री डुकरं येऊन गेली, दिवसा पोपट. बाबा मला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर माझा सल्ला त्यांच्या मोबाइलवर आला की ते न वाचता बाजूला सारत, आणि घरात माझ्या अंदाजाला 'बाईचा पाऊस' असं नाव पडलं, कारण घरी मला बाई म्हणतात. आईनं विचारलं, "पानी येते का वो?" की बाबा म्हणत, "कोनता? खरा का बाईचा?"

ज्या घरानं मला शिकवलं, त्याच्याच लेखी माझ्या शिक्षणाची किंमत उतरली होती. बाकी जिल्ह्यानं सल्ला वाचला काय, न वाचला काय, पगार तोच. घरी मात्र ते डोक्यात राहायचं.

तीन वर्षं गेली. मग गावागावात हवामान बदलावर कार्यक्रम घ्यायचे ठरले. बाहेरून एक साहेब आले होते, त्यांच्यासोबत मला पाठवलं, आणि यादीत आमचंही गाव निघालं. समाजमंदिरात सतरंजी टाकलेली, समोर टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर साहेब, दुसरीवर मी. बाबा खाली सतरंजीवर. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. आपला बाप खाली बसलेला आवडला नाही, त्या गावात माझ्यासाठी खुर्ची मांडली गेली हे आवडलं.

साहेबांनी पडद्यावर नकाशे दाखवले. पृथ्वी तापत आहे, पावसाचं वेळापत्रक बिघडलं आहे, अवकाळी वाढणार आहे. नकाशा लाल होत गेला. आमच्या शेजारच्या बांधीवाले काका, आमचा त्यांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, एकच, ते पहिले बोलले.

"साहेब, गरमी त तवाबी होती. आता घरोघरी पंखे आले म्हणून लागून राहिली."

लोक हसले. साहेबही हसले, हसायला हवं म्हणून.

"आन् अवकाळी म्हणता त माया बापाच्या वेळेसबी कडप्यावर पानी आला होता. तवा कोनी नकाशा नाही दाखवला."

मागून कोणी तरी विचारलं, "बरं, कडप्यावर पानी आला त का कराचं, हे सांगा."

साहेब म्हणाले, "कापलेलं पीक तातडीनं सुरक्षित स्थळी हलवावं."

"चार एकराचा कडपा कोठी हलवू बापा? सासुरवाडीले नेऊ?"

समाजमंदिरात हशा पिकला. मी टेबलाकडे बघत बसले. सल्ल्यात हेच वाक्य मी स्वतः किती वेळा पाठवलं होतं. धान कसं कापतात हे मला लहानपणापासून माहीत, तरी तक्त्यासोबत आलेलं वाक्य मी जसंच्या तसं पुढे धाडत होते.

मग बाबा उठले. ते सभेत सहसा बोलत नाहीत.

"साहेब, माया बापानं धम्म घेतला तवा पंचांग सोडलं. पेरनीले पंडिताले विचारनं बंद केलं. कोनी सांगतलं म्हणून मानाचं नाही, पाहून मानाचं, असं आमाले विहारात शिकवते. आता मले सांगा, पंचांगवाला कागद पाहून सांगे. तुमीबी कागद पाहूनच सांगता. फरक का आहे?"

"हे विज्ञान आहे," साहेब म्हणाले.

"तोबी म्हणे, हे शास्त्र आहे."

कोणी हसलं नाही. काका, जे स्वतः मिरगाचं वाहन काय आहे ते पंचांगात बघून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकतात, तेही सतरंजीचा दोरा ओढत बसले. साहेबांनी माझ्याकडे हात केला. "मॅडम समजावून सांगतील."

मी उभी राहिले. उत्तर मला येत होतं. मी म्हटलं, "फरक एवढा की आम्ही सांगितलेलं आणि झालेलं, दोन्ही लिहून ठेवतो. चुकलं तर तेही लिहितो. पंचांग चुकल्याचं लिहून ठेवत नाही."

काकांनी खालूनच विचारलं, "मंग तुया बापाचा धान झडला, ते लिहलं का, बाई?"

मी नव्हतं लिहिलं. कार्यालयात सगळ्या अंदाजांची नोंद होत असे, पण फोनवर बापाला सांगितलेल्या अंदाजाची वही नव्हती. साहेबांनी घड्याळ बघितलं, सरपंचांनी चहा आणायला सांगितलं, आणि सभा संपली.

साहेब गाडीत बसून गेले, मी घरी थांबले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बाबा अंगणात इळ्याला धार लावत बसले होते. मी तीन वर्षांपूर्वीचा तो तक्ता मोबाइलमध्ये शोधून काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हे पाहा. कागद चुकला नव्हता."

"मंग पानी कोठी गेला?"

"कागदात पाऊस येईल असं नव्हतंच. साठ टक्के शक्यता, असं होतं. येईल म्हणजे येईलच, हे मी लावलं."

त्यांनी दगडावरचा इळा थांबवला. "काऊन?"

याचं उत्तर मला त्या क्षणापर्यंत नीट माहीत नव्हतं. "तुम्ही गावात सांगणार होते, पोरगी हवामानात आहे म्हणून. शिकलेली पोरगी आणि येईल का नाही येईल सांगते, हे मला बरं नाही वाटलं."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "घ्या."

बाबांनी अंगठ्यानं धार बघितली. "साठ टक्के म्हणजे किती? टक्के मले समजत नाही. आन्यात सांग."

आमच्याकडे पीक अजून आण्यातच सांगतात. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, आठ आणे म्हणजे अर्धं. सरकारी कागदावर पैसे आले असतील, बांधीवर आणेच आहेत. मी हिशेब केला. "साडेनऊ. दहाच्या आतच."

"दहाच्या आत." त्यांनी इळा बाजूला ठेवला. "दहा आन्यावर मी बाया परत नसत्या केल्या. बारा असता त केल्या असत्या."

किती शक्यतेला कापणी थांबवायची आणि किती शक्यतेला नाही, हा प्रश्न कार्यालयात मी कधी कोणाला विचारला नव्हता, आणि मलाही कोणी विचारला नव्हता. बाबांकडे उत्तर तयार होतं. त्यांना धान किती झडतं, टोळी किती दिवसांनी मिळते, उरलेल्या घरच्या हातांना किती कापता येतं, हे सगळं माहीत होतं. फक्त माझ्याकडचा एक आकडा त्यांना मिळाला नव्हता, कारण तो मी दाबून ठेवला होता.

"हे तवाच सांगाचं होतं," ते म्हणाले आणि पुन्हा इळा घासायला लागले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कापणी आली. टोळी गुरुवारी येणार होती. बुधवारी सकाळी बाबांचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून विचारलं.

"किती आने?"

मी तक्ता दोनदा बघितला. "अकरा. शुक्रवार-शनिवार."

"अकरा." पलीकडे बैलाच्या घंटेचा आवाज येत होता. "ठीक आहे. वरच्या बांध्या कापतो, तठचा पानी उतरून जाते. खालच्या उभ्या ठेवतो."

"टोळी पुन्हा लवकर मिळणार नाही."

"मले माहीत आहे ते. तू सुट्टी टाकून ये."

म्हणजे अर्धं धान त्यांनी माझ्या आकड्यावर सोडलं आणि अर्धं स्वतःच्या. शुक्रवारी मी रेल्वेनं अर्जुनीपर्यंत आले आणि पुढे काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन गावात. आभाळ भरलेलं होतं. शनिवारी दुपारी नवेगावच्या बाजूला गडगडलं. आम्ही तिघं ओसरीत बसून बघत होतो. आईनं वाळत घातलेल्या मिरच्या आत आणल्या. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं आणि चांगलं स्वच्छ ऊन पडलं. आमच्या गावात एक थेंब आला नाही.

रविवारी सकाळी खालच्या बांधीत आम्ही घरचेच कापायला उतरलो, बाबा, आई आणि मी. टोळीनं जे एका दिवसात कापलं असतं त्याला आम्हाला सहा दिवस लागले. दुसऱ्या दिवशी माझं बोट कापलं. आई म्हणाली, "बीएस्सी झाली तरी रक्त लालच आहे," आणि चिंधी बांधून दिली.

पहिल्याच दिवशी काका धुऱ्यावर येऊन उभे राहिले होते. त्यांचं सगळं धान कापून झालं होतं, कडपा खडखडीत वाळत होता. मी खाली वाकून कापत राहिले. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं.

"काय बापा, अंदाजवाली पोरगी घरात आन् पुन्हा फसला? कोठी गेला तिचा पानी?"

बाबा उभे राहिले, कंबर सरळ केली.

"तिनं अकरा आने सांगतला होता."

"मंग? नाही ना आला."

"पाच आने नाही येनार, हेबी तिनंच सांगतलं. पाच आने आले." आणि ते पुन्हा वाकले.

काकांना ते पटलं असं नाही. "आता देवबी आन्यात मोजाचा का?" असं म्हणत ते गेले. पण तीन वर्षांनी तो 'बाईचा पाऊस' आमच्या घरातून गेला, आणि तो न आलेल्या पावसामुळे गेला.

हवामान बदललं की नाही, यावर बाबांचं मत मी अजून बदलू शकलेले नाही. ते म्हणतात, आपल्या गावचं चाळीस वर्षांचं लिहिलेलं दाखव. तसं लिहिलेलं कोणाकडेच नाही. पाऊस मोजायचं जवळचं यंत्र दुसऱ्या गावात आहे आणि तिथला पाऊस आमचा नव्हे, हे त्या शनिवारीच दिसलं होतं; तिथे पडला, आमच्याकडे नाही. मी माझ्याकडचे पुरावे सांगते, दूरदूरच्या नोंदी, समुद्र, बर्फ. ते ऐकून घेतात. "असन," म्हणतात. आता अंगणात मी एक पर्जन्यमापक लावून दिला आहे. ते रोज सकाळी आठला बघतात आणि माझ्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितात. दोन-तीन वर्षांच्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही, हेही मी त्यांना सांगून ठेवलं आहे. सल्ल्यातलं ते सुरक्षित स्थळाचं वाक्य मी काढलं. आकडा मात्र आता कधी दाबत नाही.

यंदा धान पिकायला लागलं तेव्हा बुधवारी सकाळी फोन वाजला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"किती आने?"

समुद्रावर काही तरी तयार होत होतं, पण ते इकडे वळणार की तिकडे, ते तक्त्यात स्पष्ट नव्हतं. आधीची मी असते तर काही तरी ठोकून दिलं असतं.

"आज सांगता येत नाही, बाबा."

पलीकडे बैलाची घंटा वाजली.

"मंग बायाईले मी उद्याचं सांगत नाही. सकाळी कर फोन," ते म्हणाले आणि ठेवून दिला.