साडूंची आफ्रिका

अबुधाबीत राहून आफ्रिकेत नांदणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि ते माझे थोरले साडू निघाले, याला प्रारब्ध म्हणायचं. अल रीम आयलंडवरच्या त्यांच्या फ्लॅटमधून समुद्र दिसायचा, पण त्यांनी सोफा समुद्राकडे पाठ आणि टीव्हीकडे तोंड करून मांडला होता. टीव्हीवर अखंड आफ्रिकेच्या इतिहासाचे माहितीपट. सुदानातल्या प्राचीन कुश राज्याचे पिरॅमिड, मालीतल्या मातीच्या मशिदी, झिम्बाब्वेतल्या चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती. इथे आपण दिरहम ऐकले की लगेच त्यांचे रुपये करतो. साडू तिथल्या राजांचे सातवाहन आणि शिलाहार करत, म्हणजे तेव्हा आपल्याकडे कोण होतं ते लगेच सांगत. जंजिऱ्याचा विषय निघाला तर म्हणत, "अरे, सिद्दी मूळचे कुठले? तिकडचेच! म्हणून तर किल्ला शेवटपर्यंत आपल्या हाती लागला नाही." हे सांगताना मराठी हळहळ आणि आफ्रिकेचा अभिमान त्यांच्या एकाच चेहऱ्यावर गुण्यागोविंदाने नांदायचे.

शनिवारी संध्याकाळी आम्हाला तिथे जेवायला बोलावणं असे. जेवण माहितीपट संपल्यावर. मध्येच उठलेला पाहुणा त्यांच्या लेखी पंक्तीतून उठलेला पाहुणा. माझा मुलगा गाडीतच गळ घाली, "बाबा, प्लीज, टेल काका आय हॅव होमवर्क." पण काकांपुढे कुणाची मात्रा चालत नसे. हळूहळू माहितीपटातल्या निवेदकाचा तो खर्जातला आवाजही त्यांच्या अंगात शिरला. चतुर्थीला मोदकपात्राचं झाकण उचलून ते धीरगंभीरपणे म्हणाले, "शतकानुशतकं... या वाफेत..." तशी ताई, म्हणजे माझी मेहुणी, फणकारली, "तुमची शतकं जरा बाजूला घ्या, मला मोदक काढायचेत."

ताईचं हेच तर त्यांचं दुःख होतं. आम्ही पाहुणे भिडेखातर बसायचो. पण बायकोने आपल्या शेजारी बसून एक, फक्त एक माहितीपट शेवटपर्यंत पाहावा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. आणि नेमकं राजाचं नाव उच्चारलं जायच्या वेळी ताईचा कुकर शिट्टी करायचा. ते हताशपणे रिमोट दाबून चित्र थांबवत, ती "आले हं" म्हणे आणि येत नसे. निवृत्ती जवळ आली, व्हिसा कॅन्सल होऊन पुण्याला परतायचं ठरलं, तरी त्या थांबलेल्या चित्रांपुढे ते वाट बघतच होते.

अशात त्यांच्या ऑफिसात इथिओपियाची एक अकाउंटंट रुजू झाली. साडूंनी लंच ब्रेकभर तिला लालिबेलाची, म्हणजे तिच्याच देशातल्या दगडात कोरलेल्या चर्चची, माहिती सांगितली. ती हसून इथल्या सरमिसळ हिंदीत म्हणाली, "सर, मैं तो कभी गई नहीं. यू गो अँड टेल मी. यल्ला, चलो!" शेजारचंच वेरूळ न पाहिलेल्या औरंगाबादकरासारखीच तिची गत. साडूंनी त्याच संध्याकाळी स्वतःचं आणि ताईचं अशी दोन तिकिटं काढली. "विमानाने चार तास," ते म्हणाले, "आणि मी इतकी वर्षं सोफ्यावर!"

परत आल्यावर ताईचा फोन आला. "अरे, गाइड केला होता, पण यांनी त्याला तोंड उघडू दिलं तर शपथ. शेवटी तो बिचारा पायरीवर बसला, मग मीही बसले. हे सांगायला लागले, की हे बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आपल्या कैलास लेण्यासारखा. आधी कळस, मग पाया. तेव्हा आपल्याकडे यादव होते म्हणे. मी सगळं ऐकलं रे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिथे स्वयंपाकघर कुठे होतं उठून जायला?" मग म्हणाली, "बोलता बोलता यांनी तोंड फिरवून रुमाल काढला. मला वाटलं, दगड बघून. मग कळलं, मी उठले नाही म्हणून."

हसावं म्हटलं, तर डोळेच भरून आले.

आता दोघं पुण्यात असतात. ताई म्हणते, कुकर आता माहितीपटानंतर लागतो आणि जेवायला रोज उशीर होतो. ही तक्रार ती फार आनंदाने करते. इकडे आमची शनिवारची संध्याकाळ मोकळी असते. मुलगा खूश आहे. मी मात्र टीव्ही लावतो, चॅनल बदलत राहतो आणि तेव्हा आपल्याकडे कोण होतं, हे सांगायला शेजारी कुणी नसतं.