इंग्रजीसाठी चांदीचा हात

इंग्रजांनी आपल्या भाषेत शरीराचा एकही अवयव सुखानं राहू दिलेला नाही. खांदा गार करतात, दाताला कातडं लावतात, ओठ ताठ धरतात. आम्हीही काही कमी नाही म्हणा. आमच्यातही नाक कापलं जातं, पोटात गोळा येतो. पण आमचं आम्हाला कुणाला शिकवावं लागलं नाही. इंग्रजांचं मात्र मी भोरच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलो. तेच वाक्प्रचार, तोच वर्ग, तीच खडूची धूळ. मॅट्रिकला हमखास विचारतात म्हणून पोरं घोकायची आणि मी घोकून घ्यायचो. कंटाळा येतो असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण पोट त्यावरच होतं.

एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत माझ्याकडे एक मोठा विद्यार्थी येत असे. वय तिशीचं, भरघोस मिशा, आणि स्वतःच मास्तर. मार्गासनीच्या पुढं वेल्ह्याच्या वाटेवर एका वस्तीत एकशिक्षकी मराठी शाळा होती, तिथं ते शिकवायचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणे. घर भाटघरजवळच्या एका गावात. घरी बायको आणि अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले वडील. म्हाताऱ्याला उचलून वस्तीवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. गुरुजी मॅट्रिक झाले तर भोरात कचेरीत जागा मिळायची होती, म्हणजे रोज संध्याकाळी घरी जाता आलं असतं. सगळा खटाटोप एवढ्यासाठी. बाकीचे विषय त्यांना जड नव्हते. इंग्रजी दोनदा आडवं आलं होतं.

दर पंधरवड्याला शनिवारची सकाळची शाळा सुटली की ते चालू लागायचे. वाटेत बैलगाडी मिळाली तर मिळाली. दिवेलागणीनंतर घरी पोचायचे, आणि रविवारी तांबडं फुटताच पुन्हा उठून भोरला माझ्या ओसरीवर हजर. दुपारी माझ्याकडूनच परस्पर वस्तीची वाट धरायचे. म्हणजे बायकोजवळ राहता यावं म्हणून शिकायचं, आणि शिकण्यात बायकोजवळचा रविवार घालवायचा. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मी काय करणार? माझाही रविवार जातच होता.

ओसरीवर बसले की त्यांचे डोळे मिटायला लागायचे. मी 'कोल्ड शोल्डर' सांगत होतो. नको असलेल्या पाहुण्याला इंग्रज गरम जेवण देत नाही, बकऱ्याच्या खांद्याचं गार मांस पुढं ठेवतो, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असं आमच्या पुस्तकात दिलं होतं. खरंखोटं इंग्रज जाणे. मी जन्मात मांसाला न शिवलेला माणूस, मला त्या खांद्याचा अपमान कितपत कळणार? गुरुजी जरा जागे झाले.

"म्हंजे जेवायला घालत्यात नव्हं, मास्तर? मग त्यात अपमान कसला?"

"परीक्षेत असं विचारू नका," मी म्हणालो.

'कोल्ड फीट' म्हणजे ऐनवेळी कच खाणं. ते कुठून आलं कुणालाच नीट ठाऊक नाही. कुणी म्हणतं, थंडीनं पाय गारठलेला शिपाई लढाईत पुढं सरकत नाही, त्यावरून. गुरुजी म्हणाले, "पौषात वस्तीवर समद्यांचंच पाय गार असत्यात, पण काम कुणाला चुकत न्हाई." 'स्टिफ अप्पर लिप' सांगितलं : रडू आलं की आधी वरचा ओठ थरथरतो, म्हणून तो ताठ धरायचा, दुःख दाखवायचं नाही. त्यावर ते मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "मिशी असल्यावर कुणाला दिसतंय?" मला हसू आलं. रागही आला. माणूस असा हुशार, आणि पेपरात मात्र सगळं उलटंपालटं लिहून यायचा.

तिसऱ्या परीक्षेच्या आधी, बाजाराच्या दिवशी, त्यांची बायको आमच्या मागच्या दारी आली. उन्हातून चालत आलेली, पदरानं तोंड पुसत उभी. माझ्या बायकोनं पाणी दिलं. मी आत पेपर तपासत होतो, मला हाक मारली.

"मास्तर, येक इचारायचं व्हतं," ती दाराआडून म्हणाली. "हिंग्रजी कुटं बसतं वो?"

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. तिला डोंगरावरच्या देवीला नवस बोलायचा होता. डोळे आले की चांदीचे डोळे वाहतात, पाय मोडला की पाय वाहतात. स्वतःचा तोडा घेऊन ती सोनाराकडे गेली होती. सोनारानं विचारलं, इंग्रजीसाठी काय करू? ते तिलाही सांगता येईना.

"त्यो म्हनला, मास्तरास्नी इचारून या. जिभंवर असतंय का डोस्क्यात?"

माझी बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मी मात्र विचारात पडलो. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. जीभ म्हणावी, तर तोंडी परीक्षा नव्हती. कान म्हणावेत, तर गुरुजींनी उभ्या जन्मात इंग्रज बोलताना ऐकला नव्हता. डोकं तर चांगलंच होतं. शेवटी कंटाळून म्हणालो, "हात. परीक्षा लिहायची असते."

तिचं समाधान झालं. "हाताचा साचा हाये त्येच्याकडं," ती म्हणाली. "म्या आधीच वाहून टाकते. घेऊन बसल्यावर देवीला मागं सरता यायचं न्हाई."

निकाल वर्तमानपत्रात आला. गुरुजींचा नंबर नव्हता.

पंधरवडा झाला आणि गुरुजी पुन्हा ओसरीवर येऊन बसले. "पुन्यांदा बसतो," एवढंच बोलले. मी पुस्तक उघडलं. खरं सांगायचं तर मी मनातून केव्हाच हात टेकले होते. पण इतक्या लांबून तंगडतोड करत आलेल्या माणसाला 'पुरे आता' कोणत्या तोंडानं सांगायचं?

पावसाळा सरल्यावर त्यांची बायको परत दारात आली. मी धास्तावलो. आता डोकं सांगावं की जीभ, याची जुळवाजुळव करू लागलो. तिनं विचारलंच नाही.

"औंदा पाय वाहिलं, मास्तर."

"अहो, इंग्रजी पायात नसतं."

"हिंग्रजीसाठी न्हाई. ह्यांचं पाय सुजत्यात. चालून चालून. मास्तर, तुमी ह्यांस्नी सांगा. म्हनावं, हे तुमच्यानं व्हायचं न्हाई, आता नगा येऊ. म्या सांगितलं तर त्यांस्नी वाटंल, बायकूचाबी इस्वास उडाला. तुमचं आईकतील. कचेरी न्हाई तर न्हाई. पंधरा दिसांनी येक आख्खा ऐतवार मिळंल की मला."

मी बरं म्हणालो. ती गेल्यावर माझ्या बायकोनं विचारलं, "सांगाल ना?" कितीतरी रविवार मला हेच सांगावंसं वाटत होतं. आता सांगायची मोकळीक मिळाली, तर माझेच पाय गार पडले.

रविवारी गुरुजी आले. पाय खरंच सुजलेले होते. वहाणा काढताना ते भिंतीला टेकले. मी पुस्तक उघडलं नाही. म्हणालो, "गुरुजी, मी स्पष्ट बोलतो. तुम्हाला इंग्रजी येणार नाही. मी शिकवून दमलो. आता येऊ नका."

ते खाली बघत राहिले. वरचा ओठ थरथरला. मिशी असूनही मला दिसलं. मला वाटलं, हा माणूस आता माझ्या ओसरीवर रडणार, आणि ते मला सोसायचं नाही.

"बरं झालं, मास्तर, तुमीच बोललात," ते म्हणाले. "मागल्या साली सोडावंसं वाटत व्हतं. पर तुमी एवढ्या आस्थेनं शिकवताय, म्या सोडलं तर तुमास्नी वाईट वाटंल, म्हणून येत ऱ्हायलो."

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून तांदळाचं गाठोडं काढून ठेवलं, माझ्या पाया पडले, आणि उन्हं कोवळी होती तोवरच भाटघरच्या वाटेला लागले. इतक्या दिवसांत ते त्या बाजूला परत जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पाय दुखत असूनही भराभर चालत होते.

बायकोनं आतून विचारलं, "चहा दोघांचा ठेवू ना?"

"माझ्या एकट्याचा ठेव," मी म्हणालो. सगळा रविवार माझ्यापुढं मोकळा पडला होता आणि त्याचं काय करावं, ते मला सुचत नव्हतं.