उमापूरच्या गाडीची मागची सीट

गेवराईत मोठ्या रस्त्याच्या कडेला म्हाळूचं सीट कव्हरचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, जाड शिलाईचं एक मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, आणि कारागीर तो एकटाच. बोटभर अंतरात पाच टाके बसले पाहिजेत हा त्याचा हिशोब. चार बसले तर शिलाई उसवून पुन्हा घालणार, मग गिऱ्हाईक दारात कितीही चुळबुळ करो. लहानपण मेंढरांमागं गेलं. मेंढरं भावकीच्या वाटण्यांत गेली तेव्हा तो बीडला ट्रकच्या सीटा शिवणाऱ्याकडे राहिला आणि अकरा वर्षं काथ्या कुटून, दाभण ओढून हात तयार केला. उजव्या अंगठ्याचं नख तेव्हापासून सरळ वाढत नाही.

त्याची एक रीत होती. शिवलेल्या सीटवर आधी स्वतः पाव तास बसायचं, पाठ टेकून, आणि मगच गाडी द्यायची. उमापूरच्या विजयसिंहांच्या गाडीलाही त्यानं ही रीत पाळली. पण ती सकाळ फेब्रुवारीची होती.

विजयसिंह म्हणजे पन्नास एकरांचे बागायतदार. आई छबुबाईंच्या किडन्या निकामी झालेल्या, म्हणून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि बेस्तरवारी, रक्त धुवायला बीडला न्यावं लागायचं. येताना म्हातारीला उलट्या व्हायच्या. कापडी सीट नासून गेली होती. एका फडक्यात पुसता येईल असं चामड्यासारखं रेक्झिन पाहिजे, अखंड, बिनभोकाचं, असं त्यांनी सांगितलं. म्हाळूनं एकदा म्हणून पाहिलं की उन्हाळ्यात हे तापतं, निदान मधल्या पट्टीला बारीक भोकं पाडू. भोकांतून घाण आत मुरंल, विजयसिंह म्हणाले. तेही खोटं नव्हतं. म्हाळू गप्प बसला आणि तीन दिवसांत असं काम करून दिलं की विजयसिंहांनी दुकानातच दोन माणसांना बोलावून दाखवलं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी तीच गाडी दुकानापुढं थांबली. आत एकटा पप्पू, विजयसिंहांचा ड्रायव्हर. सोमवारी ह्या वेळेला तो बीडला दवाखान्यात असायला हवा होता.

"तात्या, तुमची सीट लई भारी निघाली," पप्पू उतरता उतरता म्हणाला. "माणसाला सोडतच न्हाई."

मग हसणं आवरून त्यानं सगळं सांगितलं. दवाखान्याच्या आवारात सावली नाही. गाडी चार तास उन्हात उभी राहते. रक्त धुऊन म्हातारी बाहेर येते ती गारठलेली, एसी लावला की हुडहुडी भरते, म्हणून काचा उघड्या ठेवून यावं लागतं. मागच्या बेस्तरवारी रस्त्यात खड्ड्यांपायी बराच वेळ गेला. घरी उतरवताना पोटऱ्या आणि दंड रेक्झिनला चिकटून राहिले होते. पप्पूनं हाताला धरून उठवलं आणि दंडाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सीटवरच राहिली. आज सकाळी म्हातारीनं उंबरा ओलांडला नाही. मरायचं तर घरी मरंन, त्या तव्यावर बसणार न्हाई, म्हणाली.

म्हाळूनं मशीनवर झाकण घातलं, शटर ओढलं आणि मागच्या सीटवर बसला. जाताना त्यानं सदरा वर करून उघडी पाठ सीटला लावली. गेवराई सुटेपर्यंत घामाची तळी झाली. उमापूर येईतो सीट अंगाला धरून बसली होती.

छबुबाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. दंडाला मलमपट्टी. कातडी इतकी पातळ की खालची शीर निळी दिसत होती. म्हाळूनं हे माप कधी घेतलंच नव्हतं. त्यानं सीटची लांबी मोजली, रुंदी मोजली, कोपऱ्यांचे गोल मोजले. बसणार कोण ते मोजलं नव्हतं.

"माय, चूक माझी हाय," तो म्हणाला.

"तुजी कावून? विजयनं सांगितलं ते तू केलं."

"मला म्हाईत व्हतं. येकदा बोललो, दुसऱ्यांदा बोललो न्हाई."

विजयसिंह खुर्चीवर बसून होते. डॉक्टरांनी फोनवर काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं. एक खेप चुकली, दुसरी चुकली तर पाणी छातीत चढेल. आजच्या आज रेक्झिन काढ, पाहिजे ते घाल, बेस्तरवारी आई गाडीत बसली पाहिजे. आवाज चढवला नाही. त्याचंच म्हाळूला जास्त ओझं झालं.

मंगळवार आणि बुधवार तो सीटवर वाकलेला होता. रेक्झिन उसवलं. फोम काढला, कारण तोही उष्णता धरतो, आणि जुन्या ट्रकांसारखा काथ्या भरला. वारा खेळावा म्हणून सैल, पण ढेकूळ राहू नये म्हणून मूठमूठ पिंजून. त्यावर मांजरपाट ताणला. आणि वर घोंगडं. मेंढपाळाच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. ऐन वैशाखात रानात काळ्या खडकावर घोंगडं टाकून बसा, खालची आग वर येत नाही, घाम येतो तो सुकतो. उलटी झाली तर सोडून धुता यावं म्हणून त्याला नाड्या लावल्या. घोंगडं त्यानं ओळखीच्या विणकराकडून कोरं करकरीत आणलं. मालकांची गाडी, तिला वापरलेलं कसं घालणार? चूक झाली ती इथंच.

बेस्तरवारी छबुबाई बीडला जाऊन आल्या. बाकीचं शुक्रवारी सकाळी पप्पूकडून कळलं. ह्या वेळी तो हसत नव्हता. नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, ताण्याला कडकपणा यावा म्हणून. घामानं खळ चिकट झाली, लोकरीचे टोकदार केस ताठ उभे राहिले, आणि म्हातारीची मान, पोटऱ्या लालेलाल झाल्या. त्यात किडनीच्या माणसाला आधीच अंगाला खाज. घरी उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, सोमवारी मला उठवू नका.

म्हाळूच्या घराण्यात नवं घोंगडं म्हाताऱ्या माणसाला आणि बाळंतिणीला देत नसत. आधी जवान माणसानं दोन-तीन वर्षं पांघरायचं, अंथरायचं, पावसात भिजवायचं, खांद्यावर घासायचं. मऊ झालं की मग ते घरात यायचं. त्याच्या बापानं हे शंभरदा सांगितलं होतं. गाडीचा मान बघता बघता तो तेच विसरला.

त्यानं घोंगडं दोनदा धुतलं, दगडावर आपटलं, वाळवलं आणि दंडाच्या आतल्या बाजूला घासून पाहिलं. खळ गेली होती, टोचणं गेलं नव्हतं. ते धुऊन जात नाही, वापरून जातं, आणि सोमवार तीन दिवसांवर होता.

घरी पेटीत बापाचं घोंगडं होतं. चंपाषष्ठीला त्यावर खंडोबाची तळी भरायची. बाकी वर्षभर त्याला कुणी हात लावत नसे. म्हाळू कात्री घेऊन पेटीपुढं बसला तेव्हा बायडाबाई, त्याची बायको, भाकरी थापत होती.

"आवं, देवाचं हाय त्ये," ती म्हणाली.

"हाय."

"मंग कापताय कावून?"

त्यानं छबुबाईंच्या दंडाचं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली. मग ती हात धुऊन आली आणि घोंगड्याचं दुसरं टोक ताणून धरलं.

"सरळ कापा. तिरकं गेलं तर उरलेलं बी वाया जाईल."

रविवारी त्यानं सीट पुरी केली. टाके मोजले. आणि पाव तास नाही, भर दुपारी दीड ते साडेतीन, काचा बंद गाडीत उघड्या पाठीनं बसून राहिला. पप्पूनं बाहेरून काच ठोठावून विचारलं, "तात्या, जित्ते हायेत ना?" त्यानं हात हलवला.

सोमवारी सकाळी तो उमापूरला गेला. छबुबाई बाजेवरून उठायला तयार नव्हत्या. तोंड सुजलं होतं, बोलताना दम लागत होता. विजयसिंह दोनदा आत गेले आणि दोनदा बाहेर आले. म्हाळू ओसरीच्या कडेला खाली बसला.

"माय, ह्ये माज्या बापाचं घोंगडं हाय. टोचलं तर गेवराईपस्तोर या, तिथं मी सोता तुमाला उतरवतो आन् माघारी आणतो. कुणी काय म्हणणार न्हाई."

"विजय म्हणंल."

"म्हणू द्या."

विजयसिंहांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं. बऱ्याच वेळानं छबुबाईंनी पाय खाली सोडले.

म्हाळू पुढं पप्पूशेजारी बसला. गेवराई येईपर्यंत त्यानं किती वेळा मागं वळून पाहिलं ते पप्पूनं मोजलं असावं. दुकान आलं तेव्हा पप्पूनं गाडी हळू केली आणि आरशातून मागं बघितलं.

"चल बे," छबुबाई मागून म्हणाल्या. "आन् म्हाळू, तू म्होरं बघ. मी काय पळून चालले न्हाई."

बीडला चार तास तो गाडीपाशी उभा राहिला. ऊन फिरेल तसं ओलं पोतं एका काचेवरून दुसऱ्या काचेवर टाकत गेला. म्हातारी बाहेर आली तेव्हा त्यानं आधी सीटवर तळहात दाबून पाहिला आणि मग तिला बसवलं. येताना उलटी झाली. घोंगडं भिजलं. जाड लोकर, वाळायला दीड दिवस लागणार आणि उमापूर अजून पुढं, म्हणून दुकानाशी उतरून त्यानं उरलेल्या अर्ध्या तुकड्यालाही नाड्या लावून दिल्या.

बेस्तरवारचं काय, असं विजयसिंहांनी येतानाच गाडीत फोन करून आईला विचारलं होतं. बेस्तरवारचं बेस्तरवारी बघू, असं उत्तर मिळालं.

बेस्तरवारी सकाळी म्हाळूनं शटर उघडलं नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहिला. सातला येणारी गाडी साडेसात झाले तरी आली नाही. पावणेआठला आली. पप्पूनं थांबवली नाही, फक्त एकदा हॉर्न वाजवला. मागच्या सीटवर छबुबाई होत्या. डोळे मिटलेले, तोंड अजून सुजलेलं, आणि उघडा दंड घोंगड्यावर टेकलेला.